गादीच्या दुकानाचा नंबर

रेडिओत काम करते म्हटलं की लोकांना आधी फार आनंद होतो. "अरे वा, मग बोलून दाखवा ना काही!" मी बोलत नाही, जाहिराती विकते, असं सांगितलं की तोंडं उतरतात. बडनेऱ्याच्या एका लग्नात एक बाई स्वतःच्या लेकीला ओढत माझ्यापर्यंत घेऊन आली. "ह्या पाय, रेडिओवाल्या मावशी!" मी काय करते ते कळल्यावर तिनं लेकीला तसंच वळवलं आणि दोघी जेवणाच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. अशा वेळी माझं डोकं फिरतं. अहो, माइकसमोर बसलेला माणूस बोलू शकतो, कारण मी उन्हातान्हात दुकानांच्या पायऱ्या चढते. विजेचं बिल, जागेचं भाडं, त्याचा पगार, सगळं त्या मधल्या जाहिरातींवर चालतं. ज्या ऐकू आल्या की लोक आवाज कमी करतात, त्या जाहिरातींवर. पण हे लग्नात कुणाला सांगत बसणार? मी मठ्ठा प्यायले आणि घरी आले.

घर म्हणजे अमरावतीतला फ्लॅट. माहेर अकोल्याचं. आई गेल्यावर धाकट्या भावानं आणि मी मिळून तिथलं घर विकलं. तो पुण्याला असतो, रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि बहुतेक वेळ त्याच्या घरातलं छत दिसतं. लग्न मी केलं नाही. का, ते विचारणाऱ्यांना आजवर वेगवेगळी कारणं सांगितली आणि ती सगळी खरी आहेत.

आमचं एफएम केंद्र लहान. स्टुडिओ अमरावतीत, टॉवर दोन, एक इथं आणि एक अकोल्यात. दिवसभर गाणी, फक्त दुपारी दोन तास गप्पा. कार्यक्रमाचं नाव 'बसा ना जी'. तो चालवायचे ते गृहस्थ पूर्वी एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून गाड्यांची घोषणा करायचे. निवृत्त झाले आणि आमच्याकडे आले. श्रोते त्यांना काकाजी म्हणत, म्हणून आम्हीही काकाजीच म्हणायचो. काकाजींकडे विद्वत्ता नव्हती, विनोद तर अजिबात नव्हता. पण समोरचा बोलत असला की ते मध्ये तोंड घालत नसत. रोज एक साधा प्रश्न. तुमच्या घरी शेवटचा पाहुणा मुक्कामी कधी राहिला? कोणाच्या हातचं पिठलं आठवते? लोक फोन करत आणि काकाजी नुसते "हाव... मंग?" म्हणत राहत. कधी बोलणारा मध्येच गप्प झाला तर तेही गप्प. रेडिओवर अशी शांतता म्हणजे आमच्या धंद्यात पाप समजतात, पण काकाजींना त्याचं काही वाटत नसे.

दुपारी जेवून आडव्या झालेल्या दुकानदाराला उठवून जाहिरात मागितली तर तो जाहिरात सोडून बाकी सगळं देतो. म्हणून मी त्या वेळी घरी येऊन जेवायची आणि ईअरफोन लावून बसायची. माझं लक्ष बोलण्याकडे नसायचं बरं का. आपली जाहिरात वाजली की नाही, नाव नीट घेतलं की नाही, एवढंच मी ऐकायची. दोन जाहिरातींच्या मध्ये लोक बोलतात, एवढाच माझ्यासाठी त्या गप्पांचा अर्थ होता. निदान मला तसं वाटायचं. काकाजी आजारी पडले आणि आठवडाभर त्या वेळात गाणी वाजली, तेव्हा माझ्या गळ्याखाली घास उतरेना. ताट तसंच झाकून ठेवायची. दिवसभरात माझ्या घरात माणसाचा आवाज येतो तो एवढाच, हे तेव्हा कळलं. कळून काय करायचं होतं? काकाजी बरे होऊन आले आणि मी जेवायला लागले.

त्यानंतर काही महिन्यांनी नागपूरहून साहेब आले. वयानं माझ्या भाच्याएवढे. बोलायला गोड. म्हणाले, "मॅडम, गाण्याला सगळे जाहिरात देतात. गप्पांना कोण देणार? ठेवायच्या असतील तर गप्पांना स्वतःचा प्रायोजक आणा. नाहीतर गाणी लावू." दर तीन महिन्यांनी प्रायोजक नवा, नाहीतर जुन्याची पुन्हा संमती. माझी नोकरी गाण्यांवरही चालली असतीच, उलट सोपी झाली असती. पण ते दोन तास बंद झालेले मला चालणार नव्हते. हे साहेबांना काय सांगणार? मी "आणते" म्हटलं.

अमरावतीत कुणी तयार होईना. गप्पा म्हटलं की सगळे हसायचे. "मॅडम, गप्पा तं आमच्या दुकानासमोर फुकट चालू हायेत, त्या बंद कराले पैसे देतो पायजे तं." मग मी अकोल्याची एसटी धरली. एप्रिलचा शेवट होता. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या शुभेच्छांच्या जाहिराती आटोपल्या होत्या, लग्नसराई सुरू होती. आंदणात भांडी, कपाट, पलंग जातो त्या सगळ्यांच्या दुकानात मी फिरले. काही दुकानांत आधी आडनाव विचारतात. ते सांगितलं की पुढे चहा येणार की नाही ते लगेच कळतं. मी या धंद्यात इतकी वर्षं घालवली, की आता चहा न येणाऱ्या दुकानात मुद्दाम जास्त वेळ बसते.

जुन्या शहराकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाद्यांचं एक दुकान होतं. मागे कापूस पिंजायची मशीन, पुढे छिटाच्या कापडाचे तागे, आणि मध्ये एका गादीवर दुसरी गादी ठेवून त्यावर बसलेले चाचा. पिढीजात धंदा. बायको जाऊन दोन-तीन वर्षं झालेली, मुलगा पुण्यात कंपनीत. त्यांनी आडनाव विचारलं नाही. "पानी पीता की चाय?" एवढंच विचारलं. माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ढॅंग ढॅंग म्युझिक मले नोको. काकाजीनं सोताच्या तोंडानं नाव घ्यावं. भोंग्यावर घेतात तसं."

मला ते तेव्हाच पटलं. आपल्याकडे कार्यक्रम कुठलाही असो, वर्गणी देणाऱ्याचं नाव भोंग्यावर घेतल्याशिवाय दिल्याचं समाधान नसतं. पावती खिशात असली तरी माणूस मंडपाच्या कडेला कान लावून उभा असतो. चाचांना तसं नाव हवं होतं, आणि नावामागोमाग दुकानाचा नंबर. मी सगळं कबूल केलं. परत येताना मूर्तिजापूरपर्यंत उभं राहून आले, पण त्या दिवशी पाय दुखले नाहीत. तीन महिन्यांच्या गप्पा वाचल्या होत्या.

आता गंमत ऐका. आमच्या स्टुडिओचा नंबर मुंबईहून रेकॉर्ड होऊन आलेला. एक पोरगी मागे संगीत लावून तो अशा झपाट्यात म्हणायची, की मी तिथं नोकरी करूनही मला तो पाठ झाला नाही. आणि गादीच्या दुकानाचा नंबर सांगायचे काकाजी. आयुष्यभर स्टँडवर घोषणा केलेला माणूस. एकेक आकडा वेगळा, मध्ये श्वास, सगळा झाला की थांबणार आणि पुन्हा पहिल्यापासून. आंधळ्या म्हातारीचीही गाडी चुकू नये अशी ती पद्धत. व्हायचं तेच झालं. गप्पा ऐकून ज्याला फोन करावासा वाटे, तो लक्षात राहिलेला नंबर लावायचा. फोन वाजायचा गादीच्या दुकानात.

चाचांचा मला फोन आला तेव्हा मला वाटलं, ऑर्डरी येत असतील, आभार मानत असतील.

"मॅडम, तुमच्या रेडिओनं माहं डोकं खाल्लं!"

"काहून चाचा? फोन येऊन नाही रायले का?"

"येऊन नाही रायले? खाली ठेवू देऊन नाही रायले! पन गादीचा एक नाही. कोनी म्हनते काकाजीले द्या. कोनी म्हनते आवाज कमी-जास्त होते. आता एक बाई सांगे का तिची सून तिच्याशी आठ रोजापासून बोलली नाही. मी काय करू? सुनेले गादी पाठवू?"

मला हसू आलं. ते त्यांना ऐकू गेलं आणि ते अजून भडकले. म्हणाले, "हे तीन महिने झाले का बंद. मले गाद्या विकाच्या हायेत, लोकायची दुःखं नाही."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. चाचांनी सोडलं तर दुसरा प्रायोजक मला मिळणार नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. मी धावत स्टुडिओत गेले. काकाजींना म्हटलं, स्टुडिओचा नंबरही तुम्हीच सांगा, सावकाश. दुसऱ्या दिवसापासून काकाजी मोठ्या इमानदारीनं सांगू लागले, "हा नंबर गप्पांचा, अन् हा नंबर गादीवाल्या चाचांचा." झालं! लोकांना वाटलं, काकाजींचा फोन लागला नाही तर चाचांना करायचा. फोन दुप्पट झाले. चाचांनी मला मोबाईलवर जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही, आणि अर्धं उर्दूत होतं म्हणून मला समजलंही नाही.

शेवटी मी अकोल्याला गेले आणि दुकानात जाऊन बसले. म्हटलं, "चाचा, आज फोन मी घेतो. तुमी गिऱ्हाईक पाहा." साधा बटणांचा फोन होता, गल्ल्याच्या बाजूला कापडाच्या चिंध्यांवर ठेवलेला. दुपार झाली, शेजारच्या पानठेल्यावर आमचं केंद्र लागलं होतं, काकाजींनी नंबर सांगितला आणि फोन वाजला. मी ठरवून गेले होते, की प्रत्येकाला गोड बोलून योग्य नंबर द्यायचा आणि ठेवायचा. पहिल्या दोघांना तसाच दिला. तिसरा फोन मूर्तिजापूरकडच्या एका म्हाताऱ्या बाईचा होता.

मी म्हटलं, "आजी, हा नंबर गादीच्या दुकानाचा हाय. रेडिओचा घ्या लिहून."

"मले माईत हाय," ती म्हणाली. "मागच्या बारीलेच त्या गादीवाल्या बावानं सांगतलं होतं."

"मंग इथं काहून लावला?"

"रेडिओवर बोललं का गावभर आयकू जाते. माह्या पोराले आयकू जाईन. मले रेडिओवर नाही बोलाचं वं बाई. मले बोलाचं हाय."

ती बोलत राहिली. फार काही सांगितलं नाही तिनं. सकाळी भाजी काय केली, ती कोणी खाल्ली नाही, मग तीच रात्री गरम करणार, गुडघ्याला तेल लावलं. मी काकाजींसारखं "हाव... मंग?" म्हणत होते आणि मला स्वतःचाच आवाज परका वाटत होता. इतकी वर्षं मी फोनवर बोलत आले, पण समोरच्यानं मध्ये श्वास घेतला की तेवढ्यात दर सांगायचा, ही माझी सवय. त्या दिवशी सांगायला दरच नव्हता.

मग तसेच फोन येत राहिले. अमरावतीतल्या एका एटीएमबाहेर बसणारा पहारेकरी. सरकारी दवाखान्यात नवऱ्याच्या खाटेखाली सतरंजी टाकून राहिलेली बाई. चांदूर रेल्वेचे एक निवृत्त गुरुजी, ज्यांना काकाजींचा कालचा प्रश्न आवडला नव्हता आणि तो का आवडला नाही हे सविस्तर सांगायचं होतं. यांच्यापैकी अर्ध्यांना नंबर चुकल्याचं माहीत होतं. तिथं कोणी ऐकत नाही, फक्त एक माणूस ऐकतो, म्हणून ते तिथं करत होते. मला संध्याकाळपर्यंत कोणी पाणी विचारलं तरी रडू येईल असं झालं होतं. चाचा गिऱ्हाइकाला उशा दाखवता दाखवता माझ्याकडे बघत होते.

"कोनी गादी मांगली?" दुकान आवरताना त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग इतक्या वेळ काय बोलून रायल्या होत्या?"

मी त्यांना मूर्तिजापूरच्या आजीचं सांगितलं. भाजीचं सांगितलं. ते तागा गुंडाळत होते, ते गुंडाळायचे थांबले. म्हणाले, "तिचा पोरगा खात नसन. माहाबी खात नव्हता." आणि तागा पुन्हा गुंडाळायला लागले.

मी दर गुरुवारी जायला लागले. कंपनीला सांगायचं, अकोल्याचे क्लायंट. दुसऱ्या का तिसऱ्या गुरुवारी पोचले तर चाचा फोन कानाला लावून बसलेले, समोर गिऱ्हाईक उभं, आणि चाचा त्याला हातानं थांबवून फोनवर रागावत होते, "अरे मंग दवाई काहून नाही घेतली? सस्ती हाय जान तुही?" गिऱ्हाईक माझ्याकडे बघून म्हणालं, "मॅडम, तुमी तं दाखवा उशी." मी दाखवली. विकलीसुद्धा. त्यांच्या ऐकण्यात काकाजींची शांतता नव्हती. ते मध्ये बोलायचे, हाका मारायचे, सल्ले द्यायचे, सुनांना नावं ठेवायचे आणि मग सासवांनाही. पण कोणाचा फोन त्यांनी स्वतःहून ठेवला नाही. दुपारी आम्ही कापसाच्या गाठीवर डबे उघडायचो, त्यांचा दाळ-भात, माझी भाकरी आणि ठेचा. खाण्याच्या मध्ये फोन वाजला की जो आधी घास गिळेल तो उचलायचा.

त्या गुरुवारांमध्ये मी सुखी होते. एसटीनं परत अमरावतीला यायचं, जिना चढायचा, कुलूप उघडायचं, हे तेच होतं, आणि आत गेल्यावर दिवा मलाच लावावा लागायचा. पण निदान घसा बोलून बसलेला असायचा.

तीन महिने संपले. पुण्याहून मुलाचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होते. चाचांनी स्पीकरवर घेतला, कारण मागे मशीन चालू होती आणि बिगर स्पीकरचं ऐकू येत नव्हतं. मुलगा बरोबरच बोलत होता. "अब्बा, त्या जाहिरातीनं एक तरी गादी गेली का?" चाचा म्हणाले, "गादी नाही गेली. माह्या दुकानाचा फोन वाजते. तुले काय तकलीफ हाय?" आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, आना तुमचा कागद." मी सही घेतली. परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदा असं काहीतरी विकलं होतं, जे घेणाऱ्याला खरंच हवं होतं.

पण नागपूरचे साहेब पुन्हा आले. या वेळी लॅपटॉप घेऊन. मी सहीचा कागद पुढे केला. त्यांनी तो बाजूला सरकवला. "प्रायोजक ठीक आहे मॅडम. पण हे बघा, स्टुडिओला फोन किती कमी येतात. 'बसा ना जी' कोणी ऐकतच नाही."

मी म्हटलं, "ऐकतात. फोन गादीच्या दुकानात येतात."

"काय?"

मी सगळं सांगितलं. नंबर, काकाजींची सांगायची पद्धत, मूर्तिजापूरची आजी, पहारेकरी. साहेब आधी हसले. मग त्यांना वाटलं मी खोटं बोलतेय, मग वाटलं खरं बोलतेय, आणि खरं असल्याचं त्यांना जास्त वाईट वाटलं. "म्हणजे आपले श्रोते आपण दुसऱ्याच्या दुकानात पाठवतोय? हे मी वर कसं दाखवू? तिथं आलेले फोन आपल्यात धरता येत नाहीत." आणि जाताना गमतीत म्हणाले, "मग गादीवाल्यालाच माइक द्या ना."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "त्यांना माइकची गरज नाही. तुम्हाला आहे, कारण तुमचं कोणी ऐकत नाही." शेजारच्या केबिनमधली मुलं मान खाली घालून बसली. नोकरी कशी टिकली ते माहीत नाही, बहुतेक एवढ्या पगारात एवढ्या पायऱ्या चढणारं दुसरं कोणी मिळालं नसेल. पण कार्यक्रम गेला. महिनाअखेर शेवटचा भाग, असं ठरलं. प्रायोजक आणला होता मी. शब्द पाळला होता. तरी गेला. त्या रात्री मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. ऐकायला घरात कोणी नव्हतं, तरी नळ सोडला.

शेवटच्या दिवशी मी स्टुडिओत काचेच्या अलीकडे उभी होते. काकाजींनी निरोपाचं भाषण केलं नाही. प्रश्नही नेहमीसारखाच साधा विचारला. वेळ संपत आली तेव्हा ते म्हणाले, "उद्यापासून इथं गाणे राहतीन. चांगले गाणे हायेत, आयका. ज्याले बोलाचं असन त्यानं हा नंबर लिहून घ्यावा." आणि त्यांनी गादीच्या दुकानाचा नंबर सांगितला. एकेक आकडा, मध्ये श्वास. सांगून झाला, थांबले, पुन्हा सांगितला. मग पुन्हा. चाचांचा नवा करार साहेबांनी धरलाच नव्हता, तो नंबर फुकट जात होता. तांत्रिक बाजू बघणाऱ्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, राहू दे म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून गाणी. काकाजी दर्यापूरकडे त्यांच्या गावी राहायला गेले. मला अकोल्याला जायचं कारण उरलं नाही. तिथं क्लायंटच नाही तर कंपनी कशाला पाठवते? एक-दोन गुरुवारी वाटलं, आपल्या पैशानं जावं. पण मग वाटायचं, जाऊन काय सांगू? रिकाम्या हातानं कोणाच्या दुकानात जायची मला सवयच नाही. बॅगेत दरपत्रक नसलं की माझे पाय पायरीपाशी थांबतात.

दिवाळीनंतरची गोष्ट. कसलीशी सुट्टी होती, सलग जोडून आलेली. अमरावती रिकामी झाली होती, आमच्या इमारतीतले सगळे चिखलदऱ्याला नाहीतर गावी. सकाळी मी चहा केला, कपडे धुतले, दुपारचा स्वयंपाक केला. रेडिओ लावला आणि बंद केला. मग फोन घेऊन बसले. माझ्या फोनमध्ये एवढी नावं आहेत की बोट सरकवून थकतं, अमरावती-अकोल्यातला असा बाजार नाही जिथला नंबर माझ्याकडे नाही. एका मिठाईवाल्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हटलं चौकशी करावी. त्यांनी उचलला आणि माझं "कसे आहात?" पूर्ण व्हायच्या आत म्हणाले, "मॅडम, या महिन्यात काही जमनार नाही," आणि ठेवला. भांड्यांच्या दुकानाच्या वहिनींना लावला, त्यांनी कापला. मागून मेसेज आला, हे बाहेर गेले आहेत, जाहिरातीचं तेच बघतात. बरोबरच आहे त्यांचं. माझं नाव दिसलं की मी काहीतरी मागणार, हे मीच इतक्या वर्षांत सगळ्यांना शिकवलं होतं.

मग मी गादीच्या दुकानाचा नंबर लावला. लागला नाही, दुसऱ्या कॉलवर व्यस्त. थोड्या वेळानं लावला, व्यस्त. मी पोळी खाल्ली, ताट घासलं, पुन्हा लावला. व्यस्त. मला आधी बरं वाटलं, अजून फोन येतात म्हणून. मग वाईट वाटलं, की त्या रांगेत आता मीही आहे. चौथ्या का पाचव्या वेळी घंटी गेली.

"बोला मॅडम!" चाचांचा आवाज तसाच मोठा. मागे मशीन चालू होती. "बहोत दिवसांनी याद केली. पन तुमचा तो रेडिओ तं बंद पडला. आता काय विकाले फोन केला?"

"काही नाही चाचा," मी म्हटलं. "विकाले काहीच नाही."

त्यांनी कोणाला तरी ओरडून सांगितलं आणि मागची मशीन बंद झाली. इतकी शांतता झाली की मला वाटलं फोन कट झाला.

"मंग?" ते म्हणाले.

मी काहीतरी बरं बोलायचं ठरवत होते. तब्येतीचं, मुलाचं, थंडीचं. तोंडातून भलतंच आलं.

"चाचा, सकाळपासून मी कोनाशीच बोलली नाही."

"हाव," ते म्हणाले, आणि गादीवर नीट सरकून बसल्याचा आवाज आला. "इथं सगळे इथूनच सुरू करतात. बोला."